वीज गेली तरी तार जिवंतच

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच धरमतर खाडीच्या मुखाशी येते आणि रेवसच्या धक्क्याला लागते. अलिबाग तालुक्याचे हे उत्तर टोक. खाडीपलीकडे उरण तालुक्यातील करंजा, एका अंगास खुला समुद्र आणि आतील बाजूस भातखाचरे, खारजमिनी व कोळी-आगरी वस्तीची गावे, असा हा परिसर आहे. ज्येष्ठ महिना सुरू होऊन नैर्ऋत्येचा वारा सुटला की येथील घराघरांतून दिवे फडफडू लागतात आणि थोड्याच वेळात सारा पट्टा अंधारात बुडतो. किनाऱ्यावरील माणसाला या अंधाराची सवय आहे. परंतु सवय ही नेहमीच सावधगिरीची मैत्रीण असते असे नाही. वीज गेल्यानंतर घडणारे अनेक अपघात अज्ञानापेक्षा सवयीतून घडतात आणि म्हणूनच ते टाळता येण्यासारखे असतात.

‘निसर्ग’ने दिलेला धडा

दिनांक ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि झोत त्याहूनही अधिक वेगाचे होते. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या, घरांची छपरे उडाली आणि विजेचे हजारो खांब मोडून पडले. अलिबाग तालुक्यातील उमटे येथे विजेचा खांब अंगावर पडून एका ग्रामस्थाला प्राण गमवावे लागले.

वादळ काही तासांत पुढे निघून गेले, पण त्याने मागे ठेवलेला अंधार कित्येक गावांत आठवडे टिकला. महावितरणने राज्याच्या अन्य भागांतून कर्मचारी आणून खांब पुन्हा उभे केले. करोनाच्या टाळेबंदीचा तो काळ होता. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले आणि अनेक गावांना पुन्हा तोच अनुभव आला. दोन वर्षांत दोन वादळे पाहिलेल्या या किनाऱ्याने एक गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. घरातला दिवा विझणे म्हणजे विजेचा धोका संपणे नव्हे. काही बाबतींत तो तेव्हाच सुरू होतो.

वीज कशी जाते?

उपकेंद्रातून निघणारी ११,००० व्होल्ट दाबाची वीजवाहिनी गावोगावच्या रोहित्रांपर्यंत वीज पोहोचविते. रोहित्र हा दाब उतरविते आणि घरात २३० व्होल्टची वीज येते. या दीर्घ साखळीत कोठेही अडथळा आला की पुढील सर्व घरांतील दिवे जातात. फांदी तारेवर टेकणे, वाऱ्याने दोन तारा एकमेकींना लागणे, खांब कलंडणे ही कारणे सर्वांच्या परिचयाची आहेत. किनाऱ्यावर त्यांत आणखी एकाची भर पडते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील क्षार तारांना आधार देणाऱ्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर साचत राहतात. कोरडे असताना त्यांचा उपद्रव होत नाही, परंतु पहिल्या सरीने वा दवाने ते ओले झाले की त्यातून वीज झिरपू लागते, ठिणगी पडते आणि वाहिनी बंद होते. पावसाचे चार थेंब पडताच वीज जाते, या तक्रारीमागे पुष्कळदा हे कारण असते.

वाहिनीत बिघाड झाला की उपकेंद्रातील सर्किट ब्रेकर आपोआप उघडतो. बिघाड क्षणिक होता की कायमचा, हे पाहण्यासाठी वाहिनी पुन्हा एकदा चालू करून पाहिली जाते. काही ठिकाणी ही क्रिया यंत्रच आपोआप करते. सामान्य नागरिकाने ध्यानात ठेवावयाची सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. गावात अंधार असला तरी रस्त्यावर पडलेल्या तारेत कोणत्याही क्षणी ११,००० व्होल्ट येऊ शकतात. शिवाय कोरड्या वाळूवर किंवा डांबरी रस्त्यावर पडलेल्या तारेतून जमिनीत पुरेसा प्रवाह जात नाही, तेव्हा ब्रेकर उघडतच नाही. तार निपचित पडलेली असते, परंतु जिवंत असते.

तुटलेल्या तारेपासून दूर

अशा तारेपासून किमान १० मीटर, म्हणजे सुमारे पंधरा पावले दूर राहावे. तार ज्या बिंदूवर जमिनीला टेकते तेथून वीज जमिनीत पसरते आणि दूर जाताना तिचा दाब उतरत जातो. चालणाऱ्या माणसाचा एक पाय तारेजवळ आणि दुसरा दूर पडला की दोन्ही पायांखालील दाबात फरक पडतो आणि प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर जातो. गुरांच्या पुढील व मागील पायांत अंतर अधिक असते, म्हणून अशा जागी गुरे अधिक दगावतात. चुकून तारेच्या जवळ गेल्याचे ध्यानात आले, तर लांब ढांगा न टाकता दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, छोट्या सरकत्या पावलांनी मागे यावे. तार मोटारीवर पडली असेल तर आतील माणसांनी आतच बसून राहावे.

तारेच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी करून वाहतूक थांबवावी आणि महावितरणच्या १९१२ किंवा १९१२० या क्रमांकावर कळवावे. कळविताना जवळच्या खांबाची वा रोहित्राची नेमकी जागा सांगितली तर कर्मचाऱ्यांचा शोधण्याचा वेळ वाचतो. बांबूने तार बाजूला सारण्याचे धाडस मात्र कोणीही करू नये. पावसाने भिजलेला बांबू वीज वाहून नेतो.

खांबाला आधार देणारा ताण, लोखंडी खांब आणि त्याला बांधलेली कपडे वाळविण्याची तार हीही अपघाताची ठिकाणे आहेत. दोरीऐवजी धातूच्या तारेवर कपडे वाळविण्याची पद्धत सोडून द्यावी. गुरे खांबाला किंवा ताणाला कधीही बांधू नयेत.

किती वीज प्राण घेते?

घरातील फ्यूज किंवा लहान स्विच माणसाचे रक्षण करतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५,००० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह निमूटपणे वाहू देणारी तार. मानवी शरीराला मात्र १० ते २० मिलिअँपिअर प्रवाहातच हाताची पकड सोडविता येत नाहीशी होते आणि ३० मिलिअँपिअरच्या पुढे श्वास व हृदयाची लय यांना धोका निर्माण होतो. नऊ वॅटच्या एका एलईडी दिव्याला सुमारे ४० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे खोली उजळविणारा लहानसा दिवा जेवढी वीज घेतो, तेवढी माणसाला घातक ठरू शकते. ओल्या अंगाचा विरोध कोरड्या अंगाहून कितीतरी कमी असतो. त्यामुळे पावसाळ्यात हा धोका वाढतो.

यावर उपाय म्हणजे आरसीसीबी नावाचे उपकरण. घरात शिरणारा आणि परत जाणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच ते क्षणार्धात वीज तोडते. अधिकृत परवानाधारक तारतंत्र्याकडून ते मुख्य फलकावर बसवून घ्यावे. त्यावरील ‘टी’ अक्षराचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. बटण दाबताच वीज तुटली तर उपकरण ठीक आहे असे समजावे. त्याबरोबर घराचे भूसंपर्कन, म्हणजे अर्थिंग, तपासून घेणे आवश्यक आहे. खाऱ्या जमिनीत लोखंडी नळी व तार लवकर गंजतात.

घरात कोणाला विजेचा धक्का बसला तर प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूने त्या व्यक्तीला तारेपासून वेगळे करावे. उघड्या हाताने कदापि ओढू नये. रस्त्यावरील वाहिनीच्या बाबतीत मात्र हा उपायही सुरक्षित नाही. तेथे वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये. सुटका झालेली व्यक्ती श्वास घेत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी जोराने दाब द्यावेत. दर मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब सुमारे ५ सेंटिमीटर खोल, आणि मदत येईपर्यंत न थांबता. प्रत्येक शाळेतील निदान दोन शिक्षकांनी आणि प्रत्येक ग्रामपंचायतीतील निदान दोन सदस्यांनी ही क्रिया प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

घरातील पहिली दहा मिनिटे

वीज गेल्यावर प्रथम शेजारी दिवे आहेत का, हे पाहावे. शेजारी उजेड असेल तर बिघाड आपल्याच घरात किंवा जोडणीत आहे. फ्यूजची तार वितळली असेल तर मुख्य स्विच बंद करून, कोरड्या हातांनी, पूर्वी होती तेवढ्याच जाडीची तार घालावी. तीही पुन्हा वितळली तर जाड तार घालण्याचा मोह टाळून जाणकारास बोलवावे, कारण फ्यूज वारंवार जाणे ही घराने दिलेली सूचना असते.

सर्वत्र अंधार असेल तर इस्त्री, गीझर, विजेची शेगडी, पाण्याचा पंप, दूरदर्शन संच व शीतकपाट यांचे स्विच बंद करावेत. चालू राहिलेली इस्त्री कपड्यांवर विसरून कुटुंब बाहेर पडते, मागाहून वीज येते आणि घर पेट घेते. वीज आल्याचे समजावे म्हणून केवळ एका दिव्याचा स्विच चालू ठेवावा.

रेवससारख्या ठिकाणी उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर खाडीकाठच्या घरांत पाणी शिरते. पाणी उंबऱ्याशी येण्यापूर्वीच मुख्य स्विच बंद करावा. घरात पाणी भरले असेल आणि स्विचपर्यंत पाण्यातून जावे लागत असेल, तर जाऊ नये. घराबाहेर पडून महावितरणला खांबावरून पुरवठा तोडण्यास सांगावे. पाणी ओसरल्यानंतर भिंतीतील तारा आणि उपकरणे तपासून घेतल्याशिवाय वीज चालू करू नये.

उजेडाची साधने

उजेडासाठी सर्वांत सुरक्षित साधन म्हणजे बॅटरीचा किंवा सौर कंदील. तो दाराजवळ, ठरलेल्या जागी असावा, म्हणजे अंधारात चाचपडावे लागत नाही. मेणबत्ती लावणे भागच असेल तर पाणी किंवा वाळू घातलेल्या पसरट भांड्यात उभी करावी. मच्छरदाणी, पडदे, जाळी आणि होडीच्या इंजिनासाठी आणलेले इंधन यांपासून ती दूर असावी. झोपण्यापूर्वी विझवावी. पेटत्या कंदिलात रॉकेल ओतू नये. स्वयंपाकघरात गॅसचा वास येत असेल तर काडी ओढू नये आणि विजेचे बटणही दाबू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, सिलिंडर बंद करावा आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

अंधारात अंगणात किंवा परसात जाताना पायांत चप्पल आणि हातात बॅटरी हवीच. पावसाळ्यात साप व विंचू कोरड्या जागेच्या शोधात घरांजवळ येतात. कोकणातील लाल विंचवाचा दंश एके काळी अनेकांचे प्राण घेत असे. रायगड जिल्ह्यातीलच महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर हे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळले. औषध उपलब्ध असले तरी रुग्णाला विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले पाहिजे.

अलीकडे पर्यटकांच्या निवासासाठी आणि दुकानांतून लहान जनित्रे वापरली जातात. जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. बंद खोलीत, ओटीवर किंवा खिडकीखाली चालविलेले जनित्र झोपलेल्या कुटुंबाचा झोपेतच घास घेऊ शकते. डोके दुखणे, मळमळ व गुंगी ही लक्षणे एकाच वेळी अनेकांना जाणवली तर सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे. जनित्र घराबाहेर, मोकळ्या जागी, दारे-खिडक्यांपासून दूर ठेवावे. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवून ठेवणेही तितकेच घातक आहे.

इन्व्हर्टरची बॅटरीही हवेशीर जागी असावी. तीत गंधकाम्ल असते आणि भारित होताना हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. म्हणून बॅटरीतील पाण्याची पातळी मेणबत्तीच्या उजेडात पाहू नये.

उलटा प्रवाह

एका गैरसमजाने इतरांचाच बळी जाऊ शकतो. काही जण जनित्राची तार दोन्ही टोकांना पिना लावून घरातील प्लगमध्ये खोचतात आणि सर्व घराला वीज देतात. मुख्य स्विच बंद करण्याचा विसर पडला तर ही वीज मीटरमधून मागे जाते आणि रोहित्रापर्यंत पोहोचते. रोहित्र जसे ११,००० व्होल्टचे २३० करते, तसेच उलट दिशेने २३० व्होल्टचे हजारो व्होल्टही करू शकते. त्याच वेळी, वाहिनी बंद आहे या विश्वासाने, महावितरणचा जनमित्र पावसात खांबावर चढून तार जोडत असतो. ज्याच्या घरी वीज यावी म्हणून तो वर चढला, त्याच घरातील वीज त्याचा प्राण घेऊ शकते.

म्हणून जनित्र किंवा इन्व्हर्टर यांची जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडून, चेंजओव्हर स्विच बसवूनच करून घ्यावी. या स्विचमुळे घर एका वेळी एकाच स्रोताशी जोडलेले राहते. शेजाऱ्याच्या घरून तार ओढून वीज घेणे, तारेवर आकडा टाकणे यांनीही असाच धोका उद्भवतो.

छतावर सौर संच बसविलेली कुटुंबे तक्रार करतात की, वीज गेली की भर उन्हातही संच बंद पडतो. हा दोष नाही. वाहिनीशी जोडलेला सौर इन्व्हर्टर वाहिनी बंद होताच जाणूनबुजून थांबतो, कारण खांबावरील माणसाचे रक्षण त्यात अभिप्रेत आहे. वीज गेल्यावरही सौर वीज हवी असल्यास बॅटरीसह वेगळी, मान्यताप्राप्त रचना करावी लागते.

मासळी, पाणी आणि औषधे

शीतकपाटाचे दार बंद ठेवले तर आतील अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहते. पूर्ण भरलेला फ्रीझर दार न उघडता सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास थंडावा धरतो. मासळीच्या बाबतीत किनाऱ्यावर विशेष दक्षता हवी. बांगडा, कुपा यांसारखी मासळी बर्फाविना राहिली तर तिच्यात हिस्टामिन हे द्रव्य तयार होते आणि ते शिजविल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. तोंड लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके दुखणे ही त्याची लक्षणे होत. चव व वास ठीक वाटला तरी संशयित मासळी टाकून द्यावी.

पंप बंद पडल्यावर विहिरीचे किंवा साठविलेले पाणी वापरावे लागते. पिण्याचे पाणी खळखळून उकळून घ्यावे. इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णांनी घाबरून ते बर्फात ठेवू नये, गोठल्याने ते निकामी होते. बाटल्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून ओल्या वाळूने वेढलेल्या मातीच्या भांड्यात ठेवाव्यात. वापरात असलेली बाटली सावलीत, उष्णतेपासून दूर, सामान्यतः चार आठवडे चालते; मात्र वेष्टनावरील सूचना अंतिम मानावी. ज्यांच्या घरी प्राणवायूचे यंत्र किंवा वाफारा देणारे यंत्र लागते, अशा रुग्णांची यादी ग्रामपंचायतीकडे पावसाळ्यापूर्वीच असावी.

वीज परत येते तेव्हा

वीज परत आली की घरोघरी आनंदाचा गलका होतो आणि सर्व उपकरणे एकदम सुरू केली जातात. या घाईमुळे वाहिनीवर एकाएकी भार येऊन ती पुन्हा बंद पडू शकते. आधी काही मिनिटे दिव्याकडे पाहावे. दिवा अतिशय प्रखर किंवा फार मंद जळत असेल, अथवा एका घरात प्रखर आणि शेजारी मंद असेल, तर न्यूट्रल तार तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी काही घरांत दाब २३० वरून ४०० व्होल्टच्या आसपास चढू शकतो. मुख्य स्विच ताबडतोब बंद करून तक्रार नोंदवावी. दिवा स्थिर असेल तर पाच मिनिटांनी शीतकपाट व मग एकेक उपकरण सुरू करावे.

गावाची जबाबदारी

प्रत्येक घराने दक्षता घेतली तरी काही कामे गावानेच करावयाची असतात. मे महिन्यात ग्रामपंचायतीने महावितरणच्या शाखा कार्यालयासह वाहिन्यांची पाहणी करावी. कलंडलेले खांब, लोंबणाऱ्या तारा, उघडी राहिलेली रोहित्राची पेटी आणि तारांना भिडलेल्या फांद्या यांची लेखी नोंद द्यावी. फांद्यांची छाटणी पुरवठा बंद करूनच व्हावी. विजेचा अपघात घडल्यास विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ अन्वये विद्युत निरीक्षकास सूचना द्यावी लागते. म्हणून अपघाताची जागा न बदलता प्रशासनाला कळवावे.

राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून, जागतिक बँकेच्या साहाय्याने, अलिबाग शहरात वाहिन्या भूमिगत करण्याचे काम हाती घेण्यात आले. पुढील वादळापर्यंत प्रत्येक गावाची वाहिनी जमिनीखाली जाईल असे नाही. तोवर उघड्या तारांखाली राहणाऱ्या गावांचा खरा आधार म्हणजे माहिती व शिस्त. शाळेतील मुलांनी घरी जाऊन “पडलेल्या तारेजवळ जायचे नाही, बाबांना १९१२ वर फोन करायला सांगायचे” एवढे दोन नियम सांगितले, तरी या लेखातील अर्धे काम झाल्यासारखे आहे.

पुढच्या पावसात रेवसच्या धक्क्यावरील दिवे पुन्हा विझतील. समुद्राचा वारा घोंघावत असेल आणि कोठेतरी एक जनमित्र कंदिलाच्या उजेडात शिडी खांबाला लावीत असेल. तो सुखरूप खाली उतरणे हे पुष्कळ अंशी खालच्या अंधाऱ्या घरांत कोण काय करीत आहे, यावर अवलंबून आहे.